बाजीराव, मस्तानी आणि आजचा प्रेक्षक



ऐतिहासिक चित्रपट पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींचें बोलणें ऐकलें, तर त्यांत बहुधा दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, "असें घडलेंच नाहीं." दुसरा म्हणतो, "चित्रपट चित्रपट म्हणून पाहावा. त्यांत इतिहास कशाला काढतां?" 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट १८ डिसेंबर २०१५ रोजीं प्रदर्शित झाला, तेव्हां महाराष्ट्रांतील घरोघर हा वाद मोठ्या तावातावानें चालला होता. आतां तो निवला आहे. तेव्हां प्रेक्षक कशावर रागावले, कशावर भुलले आणि कशाकडे त्यांचें लक्षच गेलें नाहीं, याचा शांतपणें विचार करण्यास आज हरकत नसावी.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. दिग्दर्शक संजय लीला भन्साळी यांनीं आपली कथा इतिहासाच्या ग्रंथांतून घेतली नव्हती, कादंबरींतून घेतली होती. ना. सं. इनामदार यांची 'राऊ' ही कादंबरी १९७२ सालीं निघाली आणि मराठी घरांत ती आवडीनें वाचली गेली. कादंबरीकारानेंही कल्पनेचा आश्रय केलाच होता. तथापि त्या वेळीं कोणी रस्त्यावर उतरलें नाहीं. असें कां व्हावें? याचें कारण मला असें दिसतें कीं, पुस्तक वाचतांना प्रत्येक वाचक आपापली काशीबाई व आपापली मस्तानी मनांत रेखाटीत असतो. चित्रपटांत तें स्वातंत्र्य उरत नाहीं. तेथें एकच मुद्रा, एकच वेष व एकच चाल हजारों लोकांपुढें मांडली जाते, आणि आपल्या मनांतील चित्राशीं ती जुळली नाहीं म्हणजे इतिहासाचाच अपमान झाला असें आपणांस वाटूं लागतें.

'पिंगा' या गाण्याचें असेंच झालें. चित्रपट येण्यापूर्वीं महिनाभर तें लोकांपुढें आलें, आणि काशीबाई व मस्तानी एकत्र नाचत आहेत हें पाहून पुण्यांत मोठा क्षोभ झाला. पेशव्यांच्या वंशजांनीं तर आक्षेप घेतलाच, परंतु मस्तानीच्या वंशजांनींही नापसंती दर्शविली. काशीबाईंना पायांचें दुखणें होतें, त्या नाचतील कशा, असाही मुद्दा पुढें आला. या आक्षेपांत तथ्य होतें. पिंगा हा आपल्याकडील मंगळागौरीचा खेळ. तो घरांतल्या बायकांनीं, घरांतच, रात्र जागवीत खेळावयाचा. नऊवारी नेसून झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या आपल्या आज्यांना कोणी कधीं नांवें ठेविलीं नाहींत. पडद्यावर जें दिसलें तें त्या खेळाचें रूप नव्हतें, तर रंगमंचावरील नृत्य होतें. लोकांना खटकलें तें नाचण्यापेक्षां हें स्थलांतर होय. माजघरांतली गोष्ट दिवाणखान्यांत आणिली गेली, आणि पेशव्यांच्या कुळांतील स्त्रीकडून तसें होणें त्या काळीं संभवत नव्हतें.

विजयानंतर सैनिकांसह स्वतः नाचणारे पेशवेही जाणत्यांना रुचले नाहींत. येथें मात्र मला दुसरेंच वाईट वाटलें. बाजीरावांचें खरें कर्तृत्व त्यांच्या हालचालींत होतें. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेंत निजामाजवळ तोफखाना जबर. तो पुण्यावर चालून आला, तरी बाजीराव त्याच्या समोर उभे राहिले नाहींत. जालना-औरंगाबादेकडून खानदेश व गुजराथेकडे झेपावत त्यांनीं निजामाला आपल्या मागें ओढलें, त्याचे तोफखान्याचे गाडे मागें राहूं दिले, आणि पालखेडाजवळ पाण्यावांचून कोंडून त्यास मुंगी-शेवगांवचा तह करावयास लाविलें. दुसऱ्या महायुद्धांतील इंग्रज सेनापति माँटगोमेरी यांनीं आपल्या युद्धेतिहासांत या मोहिमेची वाखाणणी केली आहे. परंतु महिनोन् महिने घोड्याच्या पाठीवर केलेला प्रवास पडद्यावर कसा दाखवावा? तेथें तलवारींचा खणखणाट हवा असतो. प्रेक्षकांनींही त्यालाच टाळ्या दिल्या, आणि पालखेड कोठें आहे असें विचारणारा मला तरी कोणी भेटला नाहीं.

चित्रपट लागला त्या दिवशीं पुण्यांत कोथरूड येथील एका चित्रपटगृहापुढें निदर्शनें झालीं व कांहीं खेळ रद्द करावे लागले. निदर्शकांपैकीं किती जणांना ठाऊक असेल कीं, बाजीरावांनीं मस्तानीकरितां स्वतंत्र वाडा बांधला तो याच कोथरुडांत, १७३४ सालीं! त्या वाड्याचे अवशेष पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत नेऊन तेथें मस्तानी महाल पुन्हां उभारण्यांत आला आहे. शनिवारवाड्यांत तिला निर्वेध राहतां आलें नाहीं, म्हणून तिची सोय गांवाबाहेर करावी लागली. आणि पावणेतीनशें वर्षांनंतर तिच्या नांवाचा खेळही त्याच जागीं अडला. कोणतीहि कलाकृति न आवडल्यास तिच्यावर टीका करावी, लेख लिहावे, पाहूं नये. पण दुसऱ्याला पाहूं न देणें हा इतिहासप्रेमाचा मार्ग नव्हे.

आतां, ज्या गोष्टीकडे लक्ष गेलें नाहीं असें मीं आरंभीं म्हटलें, तिच्याकडे वळूं. मस्तानीच्या जन्माविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. ती बुंदेलखंडचे राजे छत्रसाल यांची कन्या, असें पुष्कळ जण मानतात. १७२९ सालीं महंमदखान बंगषानें वृद्ध छत्रसालांस पेंचांत धरिलें असतां बाजीराव त्यांच्या साहाय्यास धांवून गेले, आणि त्यानंतर मस्तानी पुण्यास आली. १७३४ त तिला पुत्र झाला, तोच समशेर बहाद्दर.

पुढें १७४० च्या आरंभीं पेशव्यांच्या घरीं रघुनाथरावांची मुंज व सदाशिवरावांचें लग्न अशीं कार्यें निघालीं. मस्तानी वाड्यांत असतां विधि कसे व्हावयाचे, असा प्रश्न धर्ममार्तंडांनीं उभा केला. बाजीराव त्या वेळीं निजामपुत्र नासिरजंगावर मोहिमेस गेलेले. त्यांच्या पाठीमागें मस्तानीला पहाऱ्यांत ठेवण्यांत आलें. चित्रपटांत या सर्व कृत्याचा भार मुख्यतः मातोश्री राधाबाई व भटभिक्षुक यांच्यावर पडतो. तन्वी आझमी यांनीं राधाबाई इतक्या प्रभावीपणें उभ्या केल्या कीं, त्यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण प्रेक्षकांचा सारा रोषही एकट्या राधाबाईंवर गेला. कागदपत्रांतील हकीकत याहून अधिक दुःखद आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. त्यांतील एक खंड बाजीराव व त्यांचें कुटुंब यांविषयींच आहे. तीं पत्रें वाचतांना दिसतें कीं, या प्रकरणांत बाजीरावांचा पाठचा भाऊ चिमाजीअप्पा होता आणि अवघा एकोणीस वर्षांचा मुलगा नानासाहेबही होता. तीं दुष्ट माणसें नव्हतीं. बाजीराव आपल्या हातून जात आहेत, त्यांची प्रकृति ढांसळत आहे, लोक बहिष्कार घालतील, अशी त्यांना खरीच भीति होती. साताऱ्यास शाहू महाराजांचें मत मात्र निराळें होतें. मस्तानीला अडकवून रावांचें मन दुखवूं नये, असा त्यांचा अभिप्राय होता. तो मानला गेला नाहीं. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडी येथें, वयाचीं चाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, बाजीराव वारले. मस्तानीहि लवकरच गेली. शिरूर तालुक्यांत पाबळ येथें तिची कबर आहे.

चित्रपटगृहांत याच भागाच्या वेळीं लोकांचे डोळे पाणावले, हें मीं स्वतः पाहिलें. त्या अश्रूंना मी कमी लेखीत नाहीं. १७४० च्या पुण्यानें जिला उंबरठ्याबाहेर ठेविलें, तिच्यासाठीं २०१५ चें पुणें रडलें, हा मनाचा पालट लहान नव्हे. परंतु दुष्ट सासू आणि कर्मठ ब्राह्मण एवढ्यावर सारा दोष टाकून आपण मोकळे झालों, तर त्या अश्रूंचा उपयोग काय? प्रेमळ माणसें लोकापवादाच्या भयानें आपल्याच घरांतील माणसावर अन्याय करितात, ही गोष्ट १७४० सालींच संपली असें कोण म्हणेल? अंतर्जातीय विवाहाची गोष्ट निघतांच आपल्या घरांतून आजही जे शब्द निघतात, ते त्या पत्रांतील शब्दांहून फारसे निराळे नसतात.

काशीबाईंवरही याहून अधिक न्याय व्हावयास हवा होता. नाचाच्या वादांत त्यांचें पुढील आयुष्य कोणास आठवलें नाहीं. पतीच्या मागें त्या अठरा वर्षें जगल्या, काशीयात्रा केली, आणि चास या आपल्या माहेरगांवीं सोमेश्वराचें मंदिर बांधविलें. ज्याची मुंज होऊं शकली नाहीं तो समशेर बहाद्दर पेशव्यांच्या घरांतच वाढला. १७६१ त पानिपतावर तो भाऊसाहेबांबरोबर लढला आणि जखमी होऊन जाटांच्या मुलखांत मरण पावला. त्याचे वंशज बांद्याचे नबाब झाले, आणि १८५७ च्या उठावांत बांद्याचे दुसरे अली बहाद्दर इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. ज्या घरानें एका मुलाला गायत्री मंत्र नाकारिला, त्याच घरासाठीं त्या मुलानें प्राण दिला, ही गोष्ट कोणत्याही गाण्याहून अधिक विचार करण्याजोगी आहे.

असे वाद पुढेंही होतील. 'जोधा अकबर' वरून २००८ त झाला, 'पद्मावत' वरून २०१८ त झाला. चित्रकर्ते आपल्या कल्पनेनें चित्रें काढणारच. घरांतील वडील मंडळींस माझी विनंति एवढीच आहे कीं, चित्रपट पाहून आल्यावर मुलांबरोबर बसावें, आणि यांतलें कागदांत काय आहे व कल्पनेचें काय आहे, हें त्यांच्याकडूनच शोधवून घ्यावें. नंतर एखाद्या रविवारीं पाबळास जावें. पुण्याहून तें फार दूर नाहीं. तेथें साध्या दगडी कबरीपुढें उभें राहिल्यावर मुलें आपण होऊन प्रश्न विचारतात, आणि इतिहासाच्या शिक्षकाला याहून अधिक कांहीं नको असतें.