फातोर्ड्याचा आवाज

मडगावात आमचं घर फातोर्ड्याच्या मैदानापासून फार लांब नाही. सामना असला की गोल झाल्याचं आम्हाला आधी खिडकीतून कळतं, टीव्हीवर मागाहून दिसतं. 14 मार्च 2020 ला मात्र आयएसएलचा अंतिम सामना तिथेच चालू असून बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. एटीकेने चेन्नईयिनला 3-1 हरवलं, तेही रिकाम्या गॅलरीसमोर. सासूबाई म्हणाल्या, ''बघायला कुणी नाही, मग हे धावतात कशाला?''

मला तेव्हा हसू आलं. पुढे काही आठवड्यांनी बर्गामोविषयी वाचलं आणि ते हसू गेलं.

बर्गामो हे इटलीतलं जेमतेम सव्वा लाख वस्तीचं गाव. तिथला अटलांटा संघ पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगमध्ये पोचला होता. गावच्या मैदानाचं काम चालू, म्हणून 19 फेब्रुवारी 2020 चा वॅलेन्सियाविरुद्धचा सामना मिलानच्या सान सिरोवर ठेवला. 44 हजारांहून अधिक माणसं जमली, बहुतेक बर्गामोकडचीच. बसमधून, आगगाडीतून, खेटून बसून गेली. अटलांटाने 4-1 ने सामना मारला, चार वेळा अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या असतील. दुसऱ्याच रात्री कोदोन्योला इटलीतला पहिला स्थानिक रुग्ण सापडला. मार्चच्या मध्याला बर्गामोच्या शवपेट्या लष्कराच्या ट्रकांतून बाहेर न्याव्या लागल्या. सगळं खापर सामन्यावर फोडणं सोपं आहे, पण त्या भागात साथ आधीच आत शिरलेली होती, कारखानेही चालूच होते. तरी गावचे महापौर जॉर्जो गोरी यांनीच पुढे त्या रात्रीकडे बोट दाखवलं.

पाठशाळेत आम्हाला शिकवलं होतं की हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात आहे. म्हणून पाणी गाळून घ्यायचं, दिवे लागायच्या आत जेवायचं. न दिसणाऱ्या जीवांची धास्ती आम्हाला नवी नाही. फरक इतकाच, की आजवर आम्ही त्यांना आपल्यापासून वाचवत होतो! या हिशेबाने मी बर्गामोच्या लोकांना दोष देऊ शकत नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं.

पण 11 मार्चचं काय? त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. माद्रिदच्या शाळा बंद झाल्या होत्या, स्पेनमधले सामने प्रेक्षकांविना खेळवायचं ठरलं होतं. आणि त्याच रात्री लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर 52 हजार लोक बसले होते, त्यांत माद्रिदहून आलेले सुमारे तीन हजार. आपल्या गावात जे करायला बंदी, ते परगावी जाऊन खुशाल करा! तीन आठवड्यांत सगळं कळून चुकलं होतं. याला मी प्रमादच म्हणेन, आणि तो गॅलरीतल्या माणसांचा कमी, परवानगी देणाऱ्यांचा जास्त.

2020-21 चा आयएसएलचा अख्खा मोसम गोव्यातच झाला. फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि बांबोळी. खेळाडू हॉटेलांत कोंडलेले, चाचण्यांवर चाचण्या. बांबोळीचं मैदान गोमेकॉच्या आवारातलं. तिथले सामने संपले आणि दोन-अडीच महिन्यांत, मे 2021 मध्ये, त्याच आवारातल्या रुग्णालयात ऑक्सिजनअभावी माणसं गेली. प्रकरण उच्च न्यायालयापुढे आलं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे मला कळतं. पण जी काळजी अकरा संघांची घेता आली, ती खाटेवरच्या माणसाची का नाही, हे मनातून जात नाही.

20 मार्च 2022 ला फातोर्ड्याचे दरवाजे अंतिम सामन्यासाठी उघडले. केरळहून पिवळ्या जर्सीतली माणसं लोटली होती. हैदराबादने बरोबरी साधली ती 88 व्या मिनिटाला, मग पेनल्टी. आमचा गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी हैदराबादच्या गोलात उभा. दर किकआधी बाहेर एकदम चिडीचूप व्हायचं, पण ही शांतता दोन वर्षांपूर्वीची नव्हती, हजारो माणसांनी श्वास रोखलेली होती.

सासूबाईंनी जपमाळ थांबवून विचारलं, ''गोल झाला?''

''नाही,'' मी म्हटलं, ''अडवला.''