बादली, विसण आणि "आईचं लक्ष कुठं होतं?"

पेपरच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते. 'पाण्याच्या बादलीत पडून चिमुकल्याचा मृत्यू.' खालचा मजकूर ठरलेला: आई स्वयंपाकात होती, बाळ रांगत बाथरूममध्ये गेलं, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद. ही बातमी कुणी ग्रुपवर टाकली की पहिली प्रतिक्रियाही ठरलेली. "आईचं लक्ष कुठं होतं?"

मला वाटतं हा प्रश्नच अपुरा आहे. ती भरलेली बादली तिथं का होती, हे आधी विचारायला हवं. त्याचं उत्तर आपल्या न्हाणीघराच्या इतिहासात सापडतं. पोस्ट लांब आहे, पण घरात लहान मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे तान्ह्या बाळाची आंघोळ हे दोन बायकांचं काम होतं. एक जण पाय पसरून पाटावर बसायची आणि बाळ तिच्या पायांवर, आधी पालथं, मग उताणं. दुसरी पाणी द्यायची. घंगाळात कढत पाणी, शेजारी गार पाण्याची कळशी. विसण घालायचं, हात बुडवून बघायचं, मगच तांब्या बाळाच्या अंगावर. ऐपत असेल तिथं न्हाऊ घालायला बाई यायची, नसेल तिथं आजी, मावशी किंवा शेजारीण असायची.

या पद्धतीत सुरक्षितता कुणी मुद्दाम आणली नव्हती, ती रचनेतच होती. बाळाखाली पाणी साचत नव्हतं, ते थेट मोरीत वाहून जायचं. बाळावर सतत एक हात असायचा. आणि काही विसरलं तर आणून द्यायला दुसरं माणूस असायचं, त्यामुळे बाळाला एकटं सोडून उठायची वेळच यायची नाही.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणत नाही. त्याच आंघोळीत बाळाच्या नाकात तेल घालत, कढत पाण्याचा मारा करत आणि वर धुरीही देत. यातलं काहीही करू नका, असं डॉक्टर आज सांगतात. परसात चुलवणावर उकळणारा हंडा आणि पोटात निखारे घेतलेला तांब्याचा बंब ही रांगत्या मुलाला भाजण्याची हमखास ठिकाणं होती. पण बाळ आणि पाणी यांच्यामध्ये माणूस होतं, एवढं खरं.

मग नळ आला. मुंबईला विहारचं पाणी १८६० मध्ये मिळालं, तुळशीचं १८७९ मध्ये आणि तानसाचं १८९२ मध्ये. पाणी घराजवळ आलं, पण दिवसभर नाही, ठरावीक वेळेपुरतं. चाळीतल्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि मोरीशेजारी पिंप, ही मांडणी त्यातूनच पक्की झाली. पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं, हा आपल्या शहरी संसाराचा पहिला नियम झाला. आजही कित्येक गावांत एक दिवसाआड पाणी येतं आणि मराठवाड्यातल्या काही शहरांत तर आठ-आठ दिवसांनी. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. अशा घरात "बादल्या रिकाम्या ठेवा" असं आईला सांगायला कोणत्या तोंडानं जायचं?

त्याच काळात घरातली माणसं कमी होत गेली. आजी गावी, शेजारीण कामावर. पाणी देणारी दुसरी बाई गेली आणि तिच्या जागी प्लास्टिकची बादली, पाण्यात सोडायचा हीटरचा रॉड आणि गिझर आला.

आता बादलीचं साधं गणित बघा. रांगत्या किंवा नुकत्याच उभं राहू लागलेल्या मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं. ते बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, आत वाकतं आणि तोल जातो. वीस लिटरच्या भरल्या बादलीत वीस किलो पाणी असतं, ती मुलाच्या वजनानं कलंडत नाही. उलटं गेलेल्या बाळाच्या दंडात स्वतःला वर ढकलायची ताकद नसते. काही इंच पाणीही पुरतं. आवाज येत नाही, किंकाळी नाही, पाणी उडत नाही. म्हणून शेजारच्या खोलीतल्या आईला काही कळतच नाही. ती बेफिकीर असते म्हणून नव्हे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या लक्षात आलं की पाच गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या बादल्यांत लहान मुलं बुडताहेत. रंग किंवा खाद्यपदार्थांच्या मोठ्या बादल्या रिकाम्या झाल्यावर लोक घरात फरशी पुसायला वापरत होते. आयोगानं नोंदी गोळा केल्या, उत्पादकांना समोर बसवलं आणि बादलीत डोकावणाऱ्या बाळाचं चित्र असलेली इंग्रजी व स्पॅनिश सूचना बादल्यांवर आली. आपल्याकडे रंगाची वीस लिटरची बादली घराघरात आणि प्रत्येक बांधकामाच्या साइटवर दुसरा जन्म घेते. तिच्यावर असं मराठी चित्र तुम्ही कधी पाहिलंय?

गरम पाण्याचीही अशीच गोष्ट आहे. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी कोणत्या तापमानाला कातडी किती वेळात जळते, हे मोजलं. ४९ अंश सेल्सिअसला काही मिनिटं लागतात, ६० अंशांना साधारण पाच सेकंद. हे मोठ्या माणसाचं. बाळाची कातडी पातळ, त्याला आणखी कमी वेळ पुरतो. पुढे १९७८ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी नळाच्या पाण्यानं भाजलेल्या मुलांचा अभ्यास केला, घराघरातल्या पाण्याचं तापमान तपासलं आणि बहुतेक घरांत ते धोकादायक निघालं. पालकांना उपदेश करून ते थांबले नाहीत. १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कायदा झाला की नवा वॉटर हीटर ४९ अंशांवर लावूनच द्यायचा. नंतरच्या वर्षांत अशा भाजण्याच्या केसेस कमी झाल्या.

मुद्दा लक्षात घ्या. "आईचं लक्ष कुठं होतं" असं विचारून एकही मूल वाचलं नाही. हीटरचं बटण कुठं लावलेलं होतं, हे विचारल्यावर मुलं वाचली.

आपल्याला हे जमणार नाही का? जमतं, आपण केलेलंही आहे, पण डासांसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियासाठी मुंबईतल्या विहिरी झाकल्या, बुजवल्या. टाकीला घट्ट झाकण नसेल तर पालिका आजही नोटीस देते. डेंग्यूच्या दिवसांत कर्मचारी घरात येतात, पिंपात बॅटरी मारून अळ्या बघतात, 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. म्हणजे आपल्या बाथरूमपर्यंत पोचणारी सरकारी वाट तयार आहे. त्या वाटेनं बाळाची चौकशी तेवढी कुणी करत नाही.

दुसरी वाट आशाताईंची. २०१८ पासून बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात आशा घरी येऊन बाळाची वाढ, आहार, लसीकरण बघते. बाळ रांगतं, धरून उभं राहतं, ते नेमके याच महिन्यांत. नवव्या महिन्याच्या भेटीत दोन मिनिटं बाथरूम बघायचं आणि पिंपाला झाकण आहे का, दाराला वर कडी आहे का, एवढं विचारायचं. मात्र तिच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा या दोन मिनिटांचा मोबदलाही तिला द्यायचा.

आणि मोजायला सुरुवात करा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात बुडून मृत्यूचे प्रकार आहेत: बोट उलटणं, जलाशयात पडणं आणि इतर. बादलीला वेगळा रकाना नाही, ती जाणार 'इतर'मध्येच. जे मोजलं जात नाही, त्यासाठी बजेटमध्ये पैसा कुठून येणार?

तोवर घरापुरतं एवढं करा. आंघोळ झाली की बादली पालथी घाला. पाणी साठवणं भाग असेल तर मुलाला उघडता येणार नाही असं झाकण लावा आणि बाथरूमच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवा. जुन्या पद्धतीत कढत पाणी आधी आणि विसण नंतर असायचं. आता उलट करा: बादलीत आधी गार, मग गरम, आणि कोपर बुडवून बघितल्याशिवाय बाळाच्या अंगावर पाणी नको. गिझरचं तापमान कमी करा. रॉड लावलेली बादली मूल असलेल्या घरात नकोच. टॉवेल, साबण, कपडे आधी हाताशी घ्या. मध्येच फोन वाजला तर वाजू दे. दारावर कुणी आलं तर बाळाला उचलून घेऊन जा, मोठ्या भावंडावर सोपवू नका. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा आणि डॉक्टरकडे न्या. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही.

आपल्या नगरसेवकाला, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना हे वाचायला द्या. पुढच्या डेंग्यू मोहिमेच्या पत्रकात एक ओळ वाढवायची आहे, छपाईचा खर्च तोच राहणार आहे. आणि पुढच्या वेळी ती चार ओळींची बातमी ग्रुपवर आली, तर त्या आईबद्दल काही लिहिण्याआधी विचारा, त्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं?