मुलीचा गुडघा आणि शंभर वर्षांचा वाद



मुलगी मैदानावर पडली, गुडघा धरून बसली, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तरी सांगत होतो, हा मुलींचा खेळ नाही." आज आम्ही या वाक्याचाच इतिहास सांगणार आहोत. खेळ आहे फुटबॉल, आणि गोष्ट मुख्यतः अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींची आहे. पण सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावच्या 'डिक, कर' कारखान्यातल्या बायकांचा संघ तर इतका गाजला, की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार माणसं आली. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या सभासद क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. कारण काय दिलं? हा खेळ स्त्रियांना योग्य नाही. काही डॉक्टरांनीही त्याला दुजोरा दिला. तोफगोळे उचलताना याच बायकांचं शरीर कुणाला नाजूक वाटलं नव्हतं. डोक्यावर हंडे वाहणाऱ्या आपल्या बायकांना हा न्याय ओळखीचा वाटेल. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली.

आता अमेरिकेत येऊ. तिथे या खेळाला 'सॉकर' म्हणतात. २३ जून १९७२ रोजी तिथे एका शिक्षण कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्यातलं 'टायटल नाइन' हे कलम सांगतं, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही. कलमात खेळाचा शब्दही नव्हता, पण त्यानं खेळाची दारं उघडली. त्या सुमारास कॉलेजच्या संघांतून खेळणाऱ्या मुली सुमारे ३० हजार होत्या. आज त्या दोन लाखांच्या वर आहेत. एनसीएए या संस्थेनं मुलींच्या फुटबॉलची आपली पहिली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा १९८२ साली घेतली आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं ती जिंकली.

दार उघडलं, पण आत गेल्यावर अंगमेहनत किती? सामना ९० मिनिटांचा. मधल्या फळीतली मुलगी एका सामन्यात नऊ-दहा किलोमीटर धावते. तेही एका चालीनं नाही. जोरात पळायचं, गपकन थांबायचं, वळायचं, उडी मारायची, पुन्हा पळायचं. मोसम ऑगस्टला सुरू होतो आणि अंतिम सामन्यापर्यंत डिसेंबर उजाडतो. आठवड्यात बऱ्याचदा दोन सामने, मध्ये जेमतेम एक-दोन दिवसांची विश्रांती. शिवाय प्रवास, अभ्यास, परीक्षा. म्हणूनच १९९१ पासून सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा घातली गेली.

आणि मग गुडघ्याचा प्रश्न पुढे आला. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारा एक दोरीसारखा पट्टा असतो, त्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. तो तुटला की शस्त्रक्रिया आणि पुढे कित्येक महिने मैदानाबाहेर. १९९५ साली डॉ. एलिझाबेथ एरेंट आणि रँडल डिक यांनी कॉलेज खेळाडूंच्या नोंदी तपासून दाखवलं, की फुटबॉलमध्ये मुलींचा हा पट्टा तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. अनेकदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उडीनंतर पाय टेकताना किंवा वळताना गुडघा आत झुकतो आणि घात होतो.

विचार करा, १९२१ साली ही आकडेवारी हाती असती तर तिचं काय केलं असतं? बंदीवर आणखी एक शिक्का मारला असता. पण आता मुली मैदानात होत्या, त्यांच्या पाठीशी कायदा होता. त्यामुळे प्रश्नच बदलला. "मुलींनी खेळावं का?" हा प्रश्न मागे पडला आणि "मुलींना कसं तयार करावं?" हा पुढे आला.

उत्तर साधं निघालं. खेळाआधी पंधरा-वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम: एका पायावर तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणं, गुडघे वाकवून हलकेच जमिनीवर उतरणं. अमेरिकेतल्या ६१ कॉलेज संघांवर याची चाचणी झाली. काही संघांनी आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे हा व्यायाम केला, बाकीच्यांनी नेहमीचा. सरावात नेहमीच्या गटातल्या सहा मुलींचा एसीएल तुटला, व्यायामाच्या गटात एकीचाही नाही. सामन्यांत दुखापती पूर्ण थांबल्या नाहीत, पण एकूण प्रमाण कमी दिसलं.

ब्रँडी चॅस्टेनचं उदाहरण घ्या. कॉलेजात असतानाच तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या या पट्ट्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. ती परत उभी राहिली, दुसऱ्या कॉलेजकडून खेळली, आणि १० जुलै १९९९ रोजी ९० हजार प्रेक्षकांसमोर तिच्याच पेनल्टीनं अमेरिकेनं विश्वचषक जिंकला.

दुसरा प्रश्न पोटाचा. इतकं धावून पुरेसं खाल्लं नाही, तर शरीर काटकसर करतं. पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं कमजोर होतात. १९९२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करून धोक्याची घंटा वाजवली. तोवर पाळी थांबणं हे कडक सरावाचं लक्षण समजून सोडून दिलं जायचं. त्यात पाळीतून लोह जातं, म्हणून रक्त कमी होण्याचा धोकाही असतो.

२०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत झाला. तो पाहून बूट मागणाऱ्या मुली आपल्याही घरांत असतील. त्यांच्यासाठी आमचं एवढंच सांगणं आहे. बूट द्या, आणि त्यासोबत पोटभर जेवण द्या. सराव घेणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारा, "उडी मारून उतरायचं कसं, हे शिकवता का?" हिमोग्लोबिन तपासून घ्या. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे न्या.

आणि पोर पडलीच, तर ते जुनं वाक्य गिळून टाका. आधी विचारा, "कुठे दुखतंय?" मग विचारा, "परत कधी खेळणार?"