जेवणाच्या टेबलावरची गुणसूत्रं

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. नववीत बाईंनी फळ्यावर गुणसूत्रांच्या 23 जोड्या काढल्या होत्या, त्या जोड्यांचं पुढे काय झालं ते मी लिहिते. इंजिनिअरिंगला गेल्यावर माझं जीवशास्त्र सुटलं, त्यामुळे काही चुकलं तर बाईंनी लाल पेन काढावं.

ही हकिगत जॅनेट राउली यांची. जन्म न्यूयॉर्कचा, 1925 सालचा. शिक्षण आणि काम शिकागोत. तिथल्या वैद्यकीय वर्गात 65 जागा होत्या आणि त्यांत मुलींना फक्त 3. त्या तीन भरल्या म्हणून राउलींना पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. 1948 मध्ये पदवी, दुसऱ्याच दिवशी लग्न, मग चार मुलगे. धाकटा मोठा होईपर्यंत बाईंनी आठवड्यातून तीनच दिवस काम केलं. आपल्या वर्गातल्या निम्म्या मैत्रिणींना हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल.

1961 मध्ये नवऱ्याच्या रजेच्या निमित्ताने कुटुंब ऑक्सफर्डला गेलं, तिथे त्या गुणसूत्रं बघायला शिकल्या. परत आल्यावर शिकागोत लिऑन जेकबसन यांच्याकडे गेल्या आणि एक मायक्रोस्कोप, बसायला जागा आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईचा पगार निघेल इतकं मानधन मागितलं. वर्षाला 5,000 डॉलर मिळाले. पुढची दहा वर्षं त्या ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशी बघत राहिल्या, हाती फारसं काही लागलं नाही. कर्करोगात गुणसूत्रं बिघडतात हे ठाऊक होतं. पण तो रोगाचा परिणाम, कारण नव्हे, असंच बहुतेकांचं मत होतं. 1960 मध्ये नोवेल आणि हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या ल्युकेमियात एक गुणसूत्र आखूड दिसलं होतं. तुटलेला तुकडा हरवला, असं सगळ्यांनी धरून चाललं.

1970च्या सुमारास गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी रंगपद्धत आली आणि प्रत्येक गुणसूत्र वेगळं ओळखू येऊ लागलं. राउली फोटो घरी आणत, कात्रीने गुणसूत्रं कापून जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत. आई कागदाच्या बाहुल्या खेळते म्हणून मुलं चिडवायची. 1972 मध्ये त्यांना दिसलं की एका ल्युकेमियात 8 आणि 21 या गुणसूत्रांनी आपली टोकं अदलाबदल केली आहेत. मग ते जुनं आखूड गुणसूत्र, म्हणजे 22वं, तपासलं. त्याचा तुकडा 9व्याच्या टोकाला चिकटलेला होता! हे 1973 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा उडाला नव्हता, भलत्याच फाइलमध्ये पेस्ट झाला होता. आणि रुग्णामागून रुग्णात तीच कट-पेस्ट, त्याच जागी. असा बिघड योगायोगाने होत नाही.

इथून पुढे औषधांचा इतिहास सुरू होतो. 1980च्या दशकात कळलं की त्या सांध्यावर दोन जनुकं जोडली जातात आणि त्यातून कधीही बंद न होणारं एक एन्झाइम तयार होतं. पेशीला सतत 'वाढ' असा हुकूम जात राहतो. ब्रायन ड्रकर आणि निकोलस लिडन यांनी या एन्झाइमच्या खाचेत बसून त्याला गप्प करणाऱ्या रेणूचा पाठपुरावा केला, तेच इमॅटिनिब. पहिल्या चाचणीत पुरेसा डोस घेतलेल्या 54 पैकी 53 रुग्णांचं रक्त पूर्वपदावर आलं. मे 2001 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. राउलींनी 1977 मध्ये दाखवलेल्या 15 आणि 17च्या अदलाबदलीत उलटा क्रम घडला. शांघायच्या डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वाचा एक भाऊबंद वापरून त्या रोगाला आधीच नमवलं होतं, आणि तो का चालतो याचं उत्तर नंतर नेमकं त्या सांध्यावरच सापडलं. मला ही गोष्ट इमॅटिनिबपेक्षाही जास्त आवडते.

माझी मावशी रोज इमॅटिनिब घेते, देशी कंपनीचं. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसला या औषधाच्या एका रूपाचं पेटंट नाकारलं, म्हणून देशी गोळी बाजारात टिकली. विदेशी गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात जायचा. निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनमधून तो निघाला नसता.

राउलींना 1998 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, 2009 मध्ये ओबामांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक. ऐंशी ओलांडल्यावरही त्या सायकलवरून प्रयोगशाळेत जात. डिसेंबर 2013 मध्ये, वयाच्या 88व्या वर्षी त्या गेल्या.