कंपायलर : सुरुवातीचे संशोधक आणि मुंबईचे योगदान

माणसाला समजेल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या आज्ञांमध्ये बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. आज प्रत्येक ॲपमागे हे भाषांतर असते. १९५० च्या दशकात मात्र यंत्राने केलेल्या भाषांतरावर अनेकांचा विश्वास नव्हता.

पहिली पावले

अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास ‘ए-झिरो’ तयार केला. आधी लिहून ठेवलेले छोटे प्रोग्रॅम फितीवरून उचलून तो एकत्र जोडत असे. १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान ही भाषा आणि तिचा कंपायलर आणला. संगणकाचा वेळ तेव्हा फार महाग होता. हाताने लिहिलेल्या आज्ञांपेक्षा कंपायलरच्या आज्ञा संथ चालल्या, तर तो कोण वापरणार? म्हणून बॅकस यांच्या गटाने सर्वाधिक कष्ट वेगावर घेतले.

मुंबईतील सुरुवात

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला गेला. तो १९६० मध्ये सुरू झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट. इतक्या जागेत काटकसर करावीच लागे. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि शास्त्रज्ञांना फोर्ट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिता येऊ लागले.

वाया जाणारे काम कसे वाचवायचे?

वेगाचा जुना प्रश्न पुढे पवईच्या आयआयटी मुंबईत धनंजय ढमढेरे यांनी हाती घेतला. तो समजून घेण्यासाठी भंडारा–तुमसर रस्ता डोळ्यांसमोर आणा. वाटेत मोहाडी लागते. समजा, भंडाऱ्याहून निघालेल्या गाड्यांची तपासणी तिथेच झाली आहे. आसपासच्या गावांतून मोहाडीत येणाऱ्या गाड्यांची झालेली नाही. मोहाडीत सरसकट तपासणी ठेवली, तर भंडाऱ्याच्या गाड्या दोनदा तपासल्या जातील. त्याऐवजी गावाकडच्या रस्त्यावरच तपासणी केली, तर मोहाडीतला नाका उठवता येतो आणि प्रत्येक गाडी एकदाच थांबते.

प्रोग्रॅममध्येही असेच घडते. एका वाटेने आल्यास उत्तर आधीच काढलेले असते, दुसऱ्या वाटेने आल्यास नसते. तरी पुढे गणित सर्वांसाठी पुन्हा होते. याला अंशतः पुनरुक्ती म्हणतात. ती काढण्याची पद्धत फ्रान्सच्या मोरेल आणि रेनव्हॉइस यांनी १९७९ मध्ये मांडली. ढमढेरे यांनी तिच्यात सुधारणा केल्या. त्यांचा याविषयीचा महत्त्वाचा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. नवे गणित दोन टप्प्यांना जोडणाऱ्या वाटेवरच बसवावे, ही त्यांच्या कामातील महत्त्वाची कल्पना होती. मोहाडीच्या उदाहरणात गावाकडच्या रस्त्यावर केलेली तपासणी ती हीच.

पुढची पिढी

ढमढेरे यांची पाठ्यपुस्तके देशभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी अभ्यासली. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी त्यांच्यासोबत १९९४ मध्ये अशा विश्लेषणाचा व्यापक सिद्धांत मांडला. पुढे जीसीसी या मुक्त कंपायलरच्या अभ्यासासाठी आयआयटी मुंबईत केंद्रही उभे राहिले. जीसीसीसारखे आजचे कंपायलर अशी पुनरुक्ती स्वतःच शोधून काढतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.