नाम आणि गुण : वनौषधींचे वैद्यकशिक्षण व भाषांतर (कलकत्ता ते दिल्ली, १८२२–१९३१)

वनस्पतीचे नाव ही वैद्याच्या दृष्टीने केवळ ओळखीची खूण नसते. संस्कृत निघंटुपरंपरेत एकाच द्रव्याला अनेक पर्यायनामे दिलेली आढळतात. त्यांपैकी एखादे नाव द्रव्याचे रूप सांगते, एखादे त्याचा प्रदेश, तर एखादे त्याचे शरीरावरील कार्य. राजनिघंटूत वनस्पतिनामांची सात निमित्तेच नोंदविलेली आहेत : रूढी, प्रभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य आणि इतराह्वय. त्यामुळे निघंटू मुखोद्गत करणारा विद्यार्थी शब्दसंग्रहाबरोबरच चिकित्सेचीही पूर्वतयारी करीत असे. एकोणिसाव्या शतकात वैद्यकाचे शिक्षण सरकारी संस्थांकडे गेले, तेव्हा या नामव्यवस्थेचे काय झाले, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासाइतकाच भाषांतराच्या इतिहासाचाही आहे. त्याच्या विचारासाठी कलकत्त्याचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२२ साली कलकत्त्यात ‘नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन’ स्थापन केली. लष्करी व मुलकी दवाखान्यांना ‘नेटिव्ह डॉक्टर’ पुरविणे हा तिचा मर्यादित हेतू होता. अध्यापनाचे माध्यम हिंदुस्थानी होते. जेम्स जेम्सन यांच्यानंतर संस्थेची सूत्रे हाती घेणाऱ्या पीटर ब्रेटन यांनी १८२५ मध्ये शरीरावयवांचा आणि वैद्यकीय संज्ञांचा कोश प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी मांडल्या होत्या. याच सुमारास कलकत्ता संस्कृत कॉलेजात वैद्यकाचा वर्ग निघून तेथे चरक-सुश्रुतांचे अध्यापन होऊ लागले, तर कलकत्ता मदरशात अरबी-युनानी वैद्यक शिकविले जाऊ लागले. ब्रेटन यांच्यानंतर आलेले जॉन टायटलर स्वतः अरबीचे जाणकार होते. रॉबर्ट हूपर यांच्या शरीररचनाशास्त्रावरील इंग्रजी पुस्तकाचे त्यांनी अरबीत भाषांतर केले, तर संस्कृत कॉलेजातील वैद्यकाचे अध्यापक मधुसूदन गुप्त यांनी त्याच पुस्तकाचे ‘शारीरविद्या’ या नावाने संस्कृतात भाषांतर केले. एकच ग्रंथ, एकाच नगरात, एकाच दशकात, दोन अभिजात भाषांत उतरत होता. भारतीय भाषांतरव्यवहाराच्या इतिहासात हा प्रसंग जितका लक्षणीय आहे, तितका तो चर्चिला गेलेला नाही.

ही व्यवस्था निर्दोष होती असे मात्र म्हणता येणार नाही. मानवी शवविच्छेदनाचा अभाव ही तिची गंभीर उणीव होती. लॉर्ड बेंटिंक यांनी १८३३ मध्ये नेमलेल्या समितीने या उणिवेवर बोट ठेवले. समितीपुढील वाद मात्र शवविच्छेदनापेक्षा भाषेभोवतीच अधिक फिरला. मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी इंग्रजीचा पुरस्कार केला. टायटलर यांनी त्याला विरोध करताना, इंग्रजी वैद्यकाची परिभाषाच मुळी ग्रीक व लॅटिन भाषांकडून उसनी घेतलेली आहे, याकडे लक्ष वेधले. समितीतील एकमेव भारतीय सदस्य रामकमल सेन हे स्वतः इंग्रजी-बंगाली कोशकार होते, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. अखेर २८ जानेवारी १८३५ च्या आदेशाने नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन आणि संस्कृत कॉलेज व मदरशातील वैद्यकवर्ग रद्द झाले, आणि इंग्रजी माध्यमाच्या कलकत्ता मेडिकल कॉलेजचा मार्ग मोकळा झाला. मेकॉले यांचे शिक्षणविषयक सुप्रसिद्ध टिपण त्यानंतर पाचच दिवसांनी, २ फेब्रुवारीस, लिहिले गेले. मुंबईत जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली १८२६ मध्ये सुरू झालेली देशी वैद्यकशाळा तर १८३२ मध्येच बंद पडली होती. हूपर यांच्या ग्रंथाची दोन्ही भाषांतरे छापून बाहेर आली, तेव्हा ती ज्या वर्गांसाठी सिद्ध केली होती ते वर्गच अस्तित्वात उरले नव्हते.

मधुसूदन गुप्त नव्या कॉलेजात आले. १८३६ मध्ये त्यांनी तेथे केलेल्या शवविच्छेदनामुळे इतिहासात त्यांचे नाव राहिले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे आहे. त्याच कॉलेजातील प्राध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या औषधी उपयोगावर निबंध सादर केला. त्यांनी आधी प्राण्यांवर आणि मग संधिवात, धनुर्वात इत्यादी व्याधींच्या रुग्णांवर प्रयोग केले होते. निबंधाच्या आरंभी येणारी संस्कृत माहिती त्यांना मधुसूदनांनी राजनिघंटूतून काढून दिली होती : विजया, अजया, जया, चपला, आनंदा, हर्षिणी ही गांजाची नामावळी. जिच्यामुळे चाल डळमळते ती चपला. जी हसविते, उल्हसित करते ती आनंदा. ओशॉनेसी यांनी पुढे रुग्णशय्येजवळ जी लक्षणे नोंदविली, त्यांपैकी काहींचा निर्देश या नामावळीतच होता. तरीही निबंधाच्या रचनेत निघंटूला ऐतिहासिक प्रस्तावनेचे स्थान मिळाले. प्रमाण ठरला तो प्रयोग. ज्या पंडिताने चार वर्षांपूर्वी वैद्यक शिकविले होते, तो या ठिकाणी माहिती पुरविणारा झाला.

पुढील तीस वर्षांत ही विभागणी दृढ होत गेली. ओशॉनेसी यांची ‘बेंगॉल डिस्पेन्सेटरी’ आणि १८४४ ची ‘बेंगॉल फार्माकोपिया’ या ग्रंथांनी देशी वनस्पतींना अभ्यासक्रमात व औषधालयात जागा करून दिली. एडवर्ड वॉरिंग यांनी संपादित केलेली ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला पुरवणी लिहिण्याचे काम मद्रासच्या मोहिदीन शरीफ यांनी १८६९ मध्ये केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतील वनस्पतिनामांची शहानिशा केली. नामांची इतकी मोठी तुलनात्मक मांडणी झाली खरी. पण आता ती नामे द्रव्य बाजारात ओळखण्यासाठी होती, त्याचा गुण जाणण्यासाठी नव्हे.

या बदलाकडे केवळ हानी म्हणून पाहणे एकांगी ठरेल. पर्यायनामांची समृद्धी जशी बोधक होती तशीच ती संदिग्धही होती. ‘रास्ना’ या नावाखाली उत्तर भारतात प्लुचिया लान्सिओलाटा वापरली जाते, तर दक्षिणेत अल्पिनिया. ‘ब्राह्मी’ हे नाव बकोपा आणि सेंटेला या दोन अगदी भिन्न वनस्पतींना लावले जाते. रुग्णाला नेमके काय दिले याची खात्री पटवायची असेल, तर एका वनस्पतीस एकच नाव हा लिनियसप्रणीत दंडक चिकित्सकाला टाळता येत नाही. प्रश्न लॅटिन नाव आले हा नाही. त्याच्याबरोबर दुसरी नामव्यवस्था वर्गाबाहेर गेली, हा आहे.

ती पुन्हा वर्गात आणण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात झाला. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने दिल्लीत उभ्या राहिलेल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजची कोनशिला १९१६ मध्ये लॉर्ड हार्डिंज यांनी बसविली आणि उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. वैद्य व हकीम यांचे अध्यापन एका छत्राखाली आणि त्याला आधुनिक रसायनशास्त्राची जोड, अशी ही कल्पना होती. येथेच सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेतील अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांपैकी एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या विकारांवरील सर्पगंधेचा उपयोग प्रसिद्ध केला. सेन हे कविराज होते आणि आधुनिक वैद्यकाचे पदवीधरही. शरीररचनेवर ‘प्रत्यक्षशारीरम्’ हा संस्कृत ग्रंथ लिहून त्यांनी मधुसूदनांचा खंडित धागा पुन्हा हाती घेतला होता. सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाविषयी मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये लिहिलेल्या निबंधाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन वेगळे करण्यात आले.

या वनस्पतीची नावे एकत्र वाचण्यासारखी आहेत. ‘राउवोल्फिया’ हे प्रजातिनाम भारतात कधीही न आलेल्या सोळाव्या शतकातील एका जर्मन वैद्याचे आहे. ‘अजमलीन’ एका हकिमाची स्मृती जपते. बिहारच्या बाजारात मात्र हीच मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जात असे. पहिले नाव वनस्पती निश्चित करते, दुसरे संशोधनाचा वंश सांगते. रुग्णाला तिचा काय उपयोग, हे केवळ तिसरे नाव सांगते. राजनिघंटूच्या परिभाषेत बोलायचे तर ते देश्योक्तीही आहे आणि प्रभावनामही.

आजच्या आयुर्वेद पदवी अभ्यासक्रमात द्रव्यगुण या विषयाच्या विद्यार्थ्याला लॅटिन नाव, पर्यायनामे आणि रस-वीर्य-विपाक हे सारे एकत्रच शिकावे लागते. १८३५ मध्ये जे वेगळे झाले, ते तेथे एका पानावर पुन्हा आले आहे. मात्र पर्यायनामे परीक्षेपुरती पाठ करावयाची यादी राहतात, की रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी होतात, हे ती शिकविणाऱ्याच्या भाषाज्ञानावर अवलंबून आहे. त्या अर्थाने वनौषधींच्या चिकित्साशिक्षणाचा प्रश्न भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांच्याही कक्षेत येतो.