कल्याण कॅम्प, एक बिबट्या आणि आमची नदी

सोमवारी लंचला नेहमीप्रमाणे वीकेंडचा हिशोब चालू होता. टीममधला एक जण ताडोबाला जाऊन आला होता. तीन दिवस, चार सफारी, भरपूर धूळ आणि एका वाघाची शेपटी. फोटो दाखवून झाल्यावर त्याने मला विचारलं, "तू कुठे गेला होतास?"

"कुठेच नाही, घरीच होतो. उल्हासनगरला."

झालं! मग तो जुना जोक आलाच. उल्हासनगर सिंधी असोसिएशन, मेड इन यूएसए, वगैरे वगैरे. कॉलेजपासून हा जोक मी इतक्यांदा ऐकलाय की त्यावर हसायचा माझा चेहरासुद्धा ठरलेला आहे. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "आमच्याकडेपण बिबट्या येतो."

टेबल खो खो हसलं. "जीन्स घ्यायला का?"

मी थाप मारत नव्हतो. जानेवारी २०१८ मध्ये खरंच एक बिबट्या उल्हासनगरात आला होता. भाटिया चौकाजवळच्या एका बंगल्यात शिरला, मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टीमने येऊन त्याला बेशुद्ध करून नेलं. टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. तेव्हा मीही विचारलं होतं, की हा इथे कशाला आला? रात्री घरी येताना लोकलच्या दारात उभा होतो, आणि वाटलं की प्रश्न उलटा विचारायला हवा. तो तर इथलाच. आम्ही इथे कधी आणि कसे आलो?

हा प्रश्न सध्या जरा जास्तच बोचतोय, कारण घरी कॅम्प १ मधली जागा विकून ठाण्याला घोडबंदर रोडवर फ्लॅट घ्यायची चर्चा चालू आहे. बाबांनी दोनदा विचारलं, मी दोनदा "बघू" म्हणालो. निर्णय घ्यायच्या आधी म्हटलं जरा रिक्वायरमेंट समजून घेऊ :-) तर मागच्या चार-पाच वीकेंडचा हा अभ्यास.

सुरुवात कॅम्पपासून. बाहेरच्या लोकांना कॅम्प १, कॅम्प २ हे नंबर फार गमतीदार वाटतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैन्यासाठी एक मोठी छावणी उभारली. साधारण सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसं राहतील एवढी. कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. युद्ध संपलं, छावणी रिकामी झाली, आणि लगेच फाळणी झाली. सिंधमधून आलेल्या जवळजवळ एक लाख निर्वासितांना या बराकींमध्ये ठेवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते इथे शहराची पायाभरणी झाली आणि नाव ठेवलं उल्हासनगर. बराकी बहुतेक गेल्या, पण आजही कुरियरवाल्याला पत्ता सांगताना आम्ही बॅरेक नंबरच सांगतो.

आमच्या शेजारी एक सिंधी आजोबा राहतात. आम्ही त्यांना दादाजी म्हणतो. फाळणीनंतर इथे आले तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. मी त्यांना विचारलं, तेव्हा इथे काय होतं? मला वाटलं गर्दी, रांगा, रेशन असं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "गीदड़। रात को गीदड़ रोते थे। अम्मा हमको बीच में सुलाती थी।"

कोल्हे! शेवटी लष्कराचा तळ म्हणजे माळरानावर टाकलेल्या बराकी, पलीकडे शेतं, नदी आणि डोंगर. घर, गाव, भाषा सगळं मागे ठेवून आलेली ती माणसं पहिल्या रात्री कोल्हेकुई ऐकत झोपली असतील. किंवा झोपलीच नसतील.

आता २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती ५ लाख ६ हजार आणि क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये ३८ हजारांच्या आसपास माणसं. यात कोल्हा कुठे बसणार? पण कुठल्याही चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवर जा आणि पावसाळा संपल्यावरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी दक्षिणेला बघा. मलंगगडाचा सुळका, तावली, चंदेरी, मग माथेरानची लांब सपाट रांग. हा सगळा लाव्ह्याचा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मी सव्वीस वर्षं ही गच्ची फक्त पतंग उडवायला आणि मोबाइलची रेंज शोधायला वापरली.

पहिल्या शनिवारी बाइक काढून अंबरनाथचं शिवमंदिर गाठलं. लहानपणी महाशिवरात्रीच्या जत्रेत पाळण्यात बसायला जायचो, मंदिर कधी बघितलंच नव्हतं. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं काम. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि वर बघितलं की शिखराच्या जागी थेट आकाश. बाहेरच्या भिंतीवर जोत्याजवळ हत्तींची ओळ आहे, वर कीर्तिमुखं आहेत. दगड तोच, मागच्या डोंगरांचा काळा बेसॉल्ट. आणि मंदिराच्या अगदी कडेने वाहते वालधुनी. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ही जागा निवडली तेव्हा नदी बघूनच निवडली असणार. तीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते आणि तिथे आम्ही तिला नाला म्हणतो.

दुसऱ्या रविवारी मलंगगड. आमच्याकडे हा हाजीमलंग म्हणूनच माहीत. दर्ग्याला दोन्हीकडचे लोक जातात, पायऱ्या चढता चढता लिंबू सरबत, चणे, परत लिंबू सरबत. दर्गा आहे ती माची, त्याच्या वर सोनमाची आणि सगळ्यात वर सुळक्यावर बालेकिल्ला. १७८० साली, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कॅप्टन अ‍ॅबिंग्टन नावाचा इंग्रज अधिकारी तुकडी घेऊन या गडावर चालून आला होता. खालची माची त्याच्या हाती लागली, वरचा गड काही लागला नाही. माचीवर उभं राहून वर बघितलं की कारण विचारावं लागत नाही. सरळ उभा कडा! आजही बालेकिल्ल्यावर जाताना एका ठिकाणी वाट तुटलेली आहे आणि तिथे लोखंडी पाइपवरून पलीकडे जावं लागतं. मी गेलो नाही. इंजिनिअर माणूस, सेफ्टी फॅक्टर बघतो.

उतरताना मात्र एक गंमत झाली. पायऱ्या सोडून जरा आडवाटेला थांबलो होतो, पाणी पीत. खाली पाचोळ्यात काहीतरी खसखसलं आणि तुडतुड उड्या मारत एक छोटा पक्षी बाहेर आला. हिरवी पाठ, निळा पट्टा, पोटाखाली लालभडक. नवरंग! हा फक्त पुस्तकात असतो अशी माझी समजूत होती. पावसाळ्यात तो आपल्याकडच्या जंगलात घरटं करायला येतो आणि पाऊस संपला की दक्षिणेकडे निघून जातो. कल्याण स्टेशनपासून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरवर हा प्रकार चाललेला असतो आणि मी प्लॅटफॉर्मवर फास्ट लोकलसाठी भांडत असतो.

आता बिबट्याकडे परत येऊ. याचं उत्तर मला दुसऱ्या एका बिबट्याच्या गोष्टीत सापडलं. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. संशोधक विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या लोकांनी त्याला जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव ठेवलं होतं आजोबा. त्याच्यावर २०१४ साली सिनेमाही आला, ऊर्मिला मातोंडकरचा. तर हे आजोबा तिथे थांबलेच नाहीत. सुमारे १२० किलोमीटर चालत, कसाऱ्याजवळ हायवे आणि रेल्वे ओलांडत, शेवटी वसईची खाडी पोहून थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात! आणि एवढ्या प्रवासात कोणाही माणसाला त्रास दिला नाही. पुढे २०११ मध्ये हायवेवर गाडीच्या धडकेत तो गेला. वसईची खाडी म्हणजे काय, तर आमची उल्हास नदीच समुद्राला मिळताना.

हे वाचलं आणि मी एकटाच हसलो. कारण माझे आजोबाही जुन्नरहून माळशेज घाट उतरूनच आले होते, एसटीने, शहाडच्या कारखान्यात नोकरीला. मुरबाड रोडने येताना उल्हास नदीवरचा पूल लागतो आणि मग शहाड, मग कॅम्प १. एक आजोबा पुलावरून आले, दुसरे खालून पोहून गेले. दादाजी सिंधू नदीकाठून आले. म्हणजे इथे जो तो कुठून ना कुठून आलेलाच आहे. आधीपासून होते ते डोंगर, जनावरं, शहाड-म्हारळची मूळ गावं आणि नदी.

नदीबद्दल दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो. उल्हास उगम पावते राजमाचीच्या डोंगरात. कर्जत, नेरळ, बदलापूर, शहाड असं करत १२२ किलोमीटर. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर पोहोचला आणि १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे गेली, दोन्ही याच खोऱ्यात. रेल्वे जवळून गेली, सपाट जमीन होती, पाणी होतं. छावणीसाठी हीच जागा का निवडली, याचा माझ्यापुरता अंदाज एवढाच. नदी मधूनमधून आठवण करून देते. २६ जुलै २००५ ला तिने केली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस चारी बाजूंनी पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं.

आणि आपण तिला काय दिलं? वालधुनीत रसायनं, उल्हासमध्ये सांडपाणी. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत कोणीतरी रात्री टँकर ओतला आणि वायूमुळे शेकडो लोकांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. 'वनशक्ती' संस्था राष्ट्रीय हरित लवादात गेली, आदेश झाले, जीन्स धुण्याच्या युनिट्सवर कारवाई झाली. पण मोहने-शहाडच्या बाजूला जलपर्णीचा हिरवा गालिचा अजूनही पसरतो. लांबून दिसतो मात्र फार सुंदर, वॉलपेपरसारखा.

गेल्या रविवारी सकाळी दादाजींना रिक्षाने शहाडच्या पुलावर घेऊन गेलो. त्यांनीच हट्ट धरला होता. पुलावर उभं राहून ते म्हणाले, "यह हमारा दरिया है।" आपल्या मराठीत दर्या म्हणजे समुद्र, पण सिंधीत नदीला दरियाह म्हणतात. सिंध सुटल्यावर झुलेलालचा बहराणा सोडायला वाहतं पाणी हवं होतं. मोठी माणसं डोक्यावर बहराणा घेऊन नाचत नदीवर यायची, आणि पाणी इतकं स्वच्छ की दादाजी मागून उडी मारायचे. ज्यांची नदी मागे राहिली त्यांच्या शहराला नदीचंच नाव मिळालं, याचं त्यांना अजून अप्रूप आहे. खाली बघून मात्र ते काही बोलले नाहीत. जलपर्णीवर दोन वंचक उभे होते, आणि वायरवर एक खंड्या. थोड्या वेळाने त्याने सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. दादाजींनी चक्क टाळी वाजवली.

सोमवारी लंचला परत विचारणा झाली, वीकेंडला काय केलंस? मी खंड्याचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. फोटोत खंड्या म्हणजे एक निळा ठिपका आहे, पण ताडोबाच्या शेपटीपेक्षा बरा आहे. "हे कुठलं?" "उल्हासनगर." या वेळी जोक आला नाही. दोन जणांनी पावसाळ्यात मलंगगडला यायचं कबूल केलंय, बघू किती टिकतात.

घराचं अजून ठरलं नाही. बाबांना मी सांगितलंय की दिवाळीपर्यंत थांबू. ठाण्याच्या त्या फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये "निसर्गाच्या कुशीत" असं लिहिलंय आणि खाली एका हरणाचा फोटो आहे. ते बघून आई म्हणाली, "आपल्याकडे तर बिबट्या होता."

असो. या शनिवारी पहाटे बारवी धरणाच्या बाजूला जायचा विचार आहे. कोणाला यायचं असेल तर साडेपाचला शहाड स्टेशनच्या बाहेर भेटा. चहा माझ्याकडून.